‘मला पुढे नाही बसायचं’: मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खुणा कशा ओळखायच्या

दुसरीतला एक मुलगा रोज सकाळी शाळेच्या व्हॅनपाशी अडून बसायचा. “मला पुढे नाही बसायचं.” ड्रायव्हरशेजारची सीट म्हणजे मुलांच्या लेखी मानाची जागा, एरवी तिच्यासाठी भांडणं होतात. आईला वाटलं, पोराला मागे मित्रांबरोबर दंगा करायचाय. वर्गशिक्षिकेने ही गोष्ट माझ्या कानावर घातली तेव्हा मी, शाळेची समुपदेशक, रजिस्टरमध्ये ‘गाडी लागते का, विचारणे’ एवढंच लिहिलं. तीन आठवडे तो पोरगा तीन मोठ्या माणसांना एकच वाक्य सांगत होता. चौथ्या आठवड्यात तो अंथरुण ओलं करायला लागला, तेव्हा कुठे आम्हाला ते ऐकू आलं. (त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मूल कधीतरी येऊन नीट तक्रार करेल, या भरवशावर बहुतेक घरं असतात. मूल आधीच सांगत असतं. वागण्यातून, पोटदुखीतून, अर्धवट वाक्यांतून. आपण त्याचा सोयीचा अर्थ लावून मोकळे होतो. तो सोयीचा अर्थ बाजूला कसा ठेवायचा आणि पुढे काय करायचं, ते टप्प्याटप्प्याने लिहिते आहे.

१. आधी डोक्यातला ‘तो माणूस’ पुसा

आपल्या डोक्यातला गुन्हेगार अनोळखी असतो, गल्लीच्या तोंडाशी चॉकलेट घेऊन उभा. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. पोलिसांपर्यंत पोचलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत तर हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे जातं. म्हणजे काका, मामा, आतेभाऊ, क्लासचे सर, शेजारचे आजोबा, व्हॅनवाले दादा. बाईही असू शकते, तेरा-चौदा वर्षांचा मोठा मुलगाही असू शकतो.

गोव्यातलं फ्रेडी पीट्स प्रकरण जुन्या लोकांना आठवत असेल. अनाथ मुलांसाठी आश्रम चालवणारा, समाजात मान असलेला हा गृहस्थ १९९१ मध्ये पकडला गेला आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. आजूबाजूच्या लोकांच्या लेखी तो दयाळू माणूस होता, आणि तोच दयाळूपणा त्याचं कवच होता. ‘ते तसे नाहीत हो’ हे वाक्य तोंडात आलं तर एवढंच लक्षात ठेवा, की हे तुम्ही त्या माणसाच्या मोठ्यांशी वागण्यावरून म्हणताय. मुलाबरोबर बंद दाराआड तो कसा वागतो, हे तुम्ही पाहिलेलं नसतं.

२. बदल टिपा, एकेका खुणेच्या मागे लागू नका

इंटरनेटवर याद्या खूप सापडतात: झोप लागत नाही, भूक मंदावते, चिडचिड, अभ्यासात मागे. यादी वाचून घाबरलेले पालक माझ्याकडे येतात, आणि खरं सांगायचं तर ती यादी परीक्षेच्या महिन्यात निम्म्या वर्गाला लागू पडेल. बाळ आलं, आजी गेली, घर बदललं, आईबाबांची भांडणं चालू आहेत, तरी मुलं अशीच वागतात. म्हणून एका खुणेवरून निष्कर्ष काढायचा नाही. तीन गोष्टी बघायच्या: बदल अचानक आहे का, त्याचं कारण सापडतंय का, आणि तो एखाद्या माणसाशी, जागेशी किंवा वेळेशी बांधलेला आहे का. तिसरी गोष्ट सगळ्यात बोलकी. आमच्या त्या मुलाला व्हॅनचा त्रास नव्हता, फक्त पुढच्या सीटचा होता. गाडी लागणारं मूल उलट पुढची सीट मागतं. एवढा साधा विचार मला सुचला नाही.

वहीत लिहा. तारीख, काय झालं, त्याआधी मूल कुठे आणि कोणाबरोबर होतं. ‘मंगळवारी क्लासहून आल्यावर जेवली नाही.’ ‘मोठ्या काकांकडे जायचं म्हटल्यावर पोटात दुखतंय म्हणाला.’ दोन आठवड्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की कधी काहीच दिसत नाही आणि जीव भांड्यात पडतो. कधी एक नाव पुन्हा पुन्हा येतं.

तीन ते सहा वर्षांची मुलं बहुधा मागे जातात. सुटलेली सवय परत येते, म्हणजे अंथरुणात शू, अंगठा चोखणं, आईचा पदर न सोडणं. चड्डी बदलताना, अंघोळीच्या वेळी अचानक आकांत. एरवी दिवे बंद करून झोपणारं मूल अंधाराला घाबरायला लागतं. बाहुल्यांच्या खेळात किंवा चित्रात अशा गोष्टी येतात ज्या या वयाला ठाऊक असायचं कारणच नाही. हे मात्र नीट वेगळं काढायला हवं. चार वर्षांचं मूल स्वतःच्या शूच्या जागेला हात लावतं, भावाला वेगळं का आहे विचारतं, डॉक्टर-डॉक्टर खेळतं. हे वाढीतलं कुतूहल, त्यावर धपाटा घालू नका. काळजी कधी करायची? मोठ्यांच्या शरीरसंबंधाची हुबेहूब नक्कल दिसली, दुसऱ्या मुलावर जबरदस्ती दिसली, किंवा मूल त्यातून बाहेरच येत नाही, दुसऱ्या खेळात रमवलं तरी परत तिथेच जातं, तेव्हा.

सात ते बारा या वयात शरीर बोलतं. डॉक्टरांना काही न सापडणारी पोटदुखी, डोकेदुखी, मळमळ, विशिष्ट वारीच. आवडता क्लास किंवा खेळ एकाएकी सोडून देणं. उन्हाळ्यातही अंगभर दोन-दोन कपडे घालणं. सारखं हात-पाय धूत बसणं किंवा उलट अंघोळच नको म्हणणं. कुठून आली ते सांगता न येणारी पेनं, पैसे, मोबाइलचा रिचार्ज.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत आपण सगळ्यात जास्त चुकतो. त्यांचं दुखणं ‘उद्धटपणा’ म्हणून समोर येतं. घरातून पळून जाणं, हातावर ब्लेडचे वार, जेवण टाकणं, नशा, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं बोलणं. शाळेत असं मूल आधी शिक्षेच्या रांगेत पोचतं आणि माझ्यापर्यंत शेवटी येतं. मरणाची भाषा किंवा स्वतःला इजा दिसली तर कारण कळायची वाट न बघता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

मुलग्यांबद्दल वेगळं सांगते, कारण त्यांचे आईबाप विचारतच नाहीत. ‘मुलगा आहे, त्याला काय होणार’ हे ज्या घरात मोठ्याने बोललं जातं, त्या घरातला मुलगा गप्प राहतो. मतिमंद, मूकबधिर किंवा चालता न येणाऱ्या मुलांना तर अंघोळ-कपड्यांसाठी रोज कोणाच्या तरी हाती जावं लागतं, आणि त्यांच्या वागण्यातला प्रत्येक बदल आपण ‘आजारामुळे’ या खात्यात टाकतो. त्यांची वही अधिक काटेकोर ठेवा.

३. शरीरावरच्या खुणा

शू करताना जळजळ किंवा दुखणं, चालता-बसताना त्रास, चड्डीवर रक्त किंवा डाग, मांड्यांच्या आत ओरखडे किंवा काळे-निळे वळ, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग, गुप्तरोगाची लक्षणं, मुलीची पाळी चुकणं. यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय नको, थेट डॉक्टर. जंतांमुळे किंवा अस्वच्छतेमुळेही खाज-जळजळ होते, ते डॉक्टर सांगतील. पण उलटी बाजू जास्त महत्त्वाची आहे: अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांच्या अंगावर काहीही सापडत नाही. कारण बरेचदा प्रकार स्पर्शाचा, दाखवण्याचा, फोटो काढण्याचा असतो, आणि लहान जखमा लवकर भरतात. ‘डॉक्टर म्हणाले सगळं नॉर्मल आहे’ म्हणून मूल खोटं बोलतंय असं होत नाही.

४. मुलाइतकंच मोठ्यांकडे बघा

मुलाच्या खुणा झाल्यानंतरच्या असतात. मोठ्या माणसाच्या खुणा बरेचदा आधी दिसतात, आणि अडवायची संधी तिथेच असते.

असा माणूस आधी घर जिंकतो. अडीअडचणीला धावून येतो, गॅस सिलिंडर आणून देतो, तुम्हाला उशीर होणार असेल तर ‘मी सोडतो ना तिला’ म्हणतो. मग एका मुलाला वेगळं काढतो: खास भेटवस्तू, खास नाव, ‘आपलं दोघांचं गुपित’. मग हळूच अंदाज घेतो. सगळ्यांसमोर गुदगुल्या, मूल ‘नको’ म्हणत असताना चालूच ठेवलेली कुस्ती, मांडीवर जरा जास्त वेळ. आपण हसतो. तो पाहत असतो, की या घरात मुलाच्या ‘नको’ला किंमत नाही. नंतर एकांत: दार लावून शिकवणी, सगळे झोपले असताना मोबाइलवर गेम, एकट्यालाच जादा सराव.

गोड बोलणारा प्रत्येक काका असा नसतो, नाहीतर अर्ध्या महाराष्ट्रावर संशय घ्यावा लागेल. म्हणून माणूस तपासू नका, नियम घाला आणि नियमावर तो कसा वागतो ते बघा. ‘दार उघडं ठेवून शिकवा.’ ‘ती नको म्हणाली की थांबायचं, आमच्या घरात असंच आहे.’ साधा माणूस ‘बरं’ म्हणून पुढे जातो. दुसरा रागावतो, थट्टा करतो, तुम्हालाच संशयी ठरवतो किंवा नियमाला वळसा घालतो. तो दुसरा प्रतिसाद वहीत लिहून ठेवा.

आपल्याकडचे काही प्रसंग तर मी डोळ्यांत तेल घालून बघते. लग्नघर, जिथे पंधरा जणांच्या गाद्या एकाच हॉलमध्ये पडतात आणि कोण कोणाशेजारी झोपलं याचा पत्ता नसतो. मे महिन्यातली आजोळची दुपार, जेव्हा मोठी माणसं जेवून आडवी होतात. गणपतीच्या मंडपामागची अंधारी जागा. अशा वेळी मुलांच्या गाद्या आजी-आईच्या मध्ये, आणि अधूनमधून काही न सांगता फेरी. कोणाला वाईट वाटायचा प्रश्नच येत नाही.

आणि एक सवय आजच मोडा. ‘काकांना पापी दे. लाजतेस काय, दे!’ मूल मागे सरकतंय, आपण त्याला पुढे ढकलतोय. शरीर तुझं असलं तरी मोठ्यांनी मागितलं की द्यायचं, हे आपणच शिकवतो. नमस्कार पुरे आहे.

५. मोबाइल

खोलीत कोणी आलं की स्क्रीन उलटी करणं, रात्री दोनला चालू असलेलं चॅट, गेममध्ये भेटलेला ‘दादा’, नवं गुप्त खातं, मेसेज आल्यावर चेहरा उतरणं. एक फोटो मिळवून त्याच्या जोरावर पुढचे मागायचे, हा प्रकार सर्रास चालतो. इथे मोबाइल हिसकावून फोडणं ही सगळ्यात मोठी चूक, पुरावा त्यातच असतो. काही पुसू नका, पैसे देऊ नका, समोरच्याचं खातं आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. पण मुलाचा आक्षेपार्ह फोटो स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या मोबाइलवर पुढे पाठवू नका, तोही गुन्हा आहे. मोबाइल तसाच पोलिसांना दाखवा. सायबर तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

६. विचारायचं कसं

संशय आला की आपण मुलाला समोर बसवून विचारतो, “कोणी तुला काही केलं का? खरं सांग!” मूल ‘नाही’ म्हणतं. ‘खरं सांग’ हे आपण त्याला चोरी पकडल्यावर म्हणतो ना.

शेजारी बसा, समोर नको. कणीक मळताना, स्कूटरवरून जाताना, रात्री पांघरूण घालताना. ‘तुला क्लासला जायला आवडत नाही असं मला वाटलं. तिथे काय काय होतं, सांग ना.’ ‘घरी कोणाबरोबर एकटं राहायला नको वाटतं?’ नाव तुम्ही सुचवायचं नाही. ‘सरांनी हात लावला का?’ असं विचारलंत तर मूल तुम्हाला हवं ते उत्तर देईल, आणि पुढे कोर्टात बचावाचा वकील नेमकं तेच धरेल. ‘मग?’, ‘पुढे काय झालं?’ एवढंच बोला. उत्तर आलं नाही तर सोडून द्या. दार उघडं आहे एवढं त्याला कळलं तरी आजचं काम झालं.

शाळांमधून ‘गुड टच, बॅड टच’ शिकवतात. माझं त्यावर थोडं भांडण आहे. स्पर्श प्रत्येक वेळी वाईट वाटतोच असं नाही, आणि ज्या मुलाला तो वाईट वाटला नाही त्याला मग स्वतःचीच लाज वाटते. त्यापेक्षा अवयवांची नावं न लाजता शिकवा, आणि गंमत व गुपित यांतला फरक सांगा. बाबांच्या वाढदिवसाची गंमत दोन दिवसांत फुटते आणि सगळे हसतात. जे मोठं माणूस ‘कधीच कोणाला सांगायचं नाही’ म्हणतं, ते गुपित पहिल्यांदा आईबाबांना सांगायचं.

७. मुलाने सांगितलं, तर पहिली दहा मिनिटं

तुमचा चेहरा हेच तुमचं उत्तर असतं. किंचाळलात, रडलात, ‘थांब त्याला मारूनच टाकतो’ म्हणालात, तर मूल तिथेच थांबतं. आपल्यामुळे घर कोसळलं असं त्याला वाटतं. श्वास घ्या. मग तीनच वाक्यं: ‘सांगितलंस ते बरं केलंस. तू म्हणतोस ते मला पटतंय. यात तुझी काही चूक नाही.’ ‘आधी का नाही सांगितलंस?’, ‘तू तिकडे गेलीसच कशाला?’ हे कधीच नाही. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, ते मोडावं लागणार आहे. ‘ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगेन’ म्हणा.

मूल बाजूला गेलं की त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून काढा, तारीख-वेळेसह. त्याने ‘शूची जागा’ म्हटलं असेल तर तुम्ही ‘गुप्तांग’ लिहू नका. आजी, मामी, शेजारीण, कोणासमोरही त्याला पुन्हा बोलायला लावायचं नाही. आणि त्या माणसाला फोन करून जाब विचारायचा नाही. तो पुरावा नष्ट करेल, मुलाला धमकावेल किंवा निघून जाईल. मुलाचा त्याच्याशी संबंध मात्र त्याच क्षणी तोडा.

मूल दुसऱ्या दिवशी ‘तसं काही नव्हतं, मी खोटं बोललो’ म्हणालं तर? हे फार वेळा होतं. घरातला ताण पाहून मूल शब्द मागे घेतं. पहिले शब्द वहीत आहेत, पुढची पावलं थांबवू नका.

८. दवाखाना आणि पोलीस

प्रकार गेल्या दोन-तीन दिवसांतला असेल तर दवाखाना आधी. अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता कागदात गुंडाळून सोबत घ्या. एचआयव्हीचा धोका टाळणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. वयात आलेल्या मुलीसाठी गर्भधारणा रोखणाऱ्या गोळीचंही तसंच. प्रथमोपचार आणि उपचार मोफत देणं सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ असं म्हणून ते उपचार अडवू शकत नाहीत. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतील, आणि पालक किंवा मुलाच्या विश्वासातलं माणूस तिथे हजर राहू शकतं.

मग तक्रार. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा कायदा, अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे, मुलगा असो वा मुलगी. या कायद्याने कळवणं ऐच्छिक ठेवलेलं नाही. गुन्हा झाल्याचं ठाऊक असून कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा शाळेच्या व्यवस्थापनावरही याच कलमाखाली गुन्हा दाखल झाला. ‘आम्ही अंतर्गत चौकशी करतो, तुम्ही जरा थांबा’ असं मुख्याध्यापक म्हणाले तर हे त्यांना शांतपणे सांगा. चांगल्या हेतूने केलेल्या तक्रारीबद्दल तुमच्यावर मात्र कारवाई होत नाही.

जवळचं कोणतंही पोलीस ठाणे चालतं. हद्द दुसरी असली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवावा लागतो. एफआयआरची प्रत मोफत मागून घ्या. मुलाला ठाण्यात नेण्याची गरज नाही. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, साध्या कपड्यांत, तुमच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. समितीकडून तुमच्यासोबत एक साहाय्यक व्यक्ती मिळू शकते, ती नक्की मागा; कोर्टाच्या तारखांच्या वेळी तिची किंमत कळते. सुनावणी बंद दाराआड होते, मूल आरोपीच्या नजरेसमोर येऊ दिलं जात नाही. मुलाचं नाव, फोटो, शाळा छापण्याला बंदी आहे, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा तर विचारही करू नका.

कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १०९८ फिरवा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. फोन मोफत, चोवीस तास, आणि मूल स्वतःही करू शकतं. तातडी असेल तर ११२. नुकसानभरपाईसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा.

९. घरचे ‘मिटवून टाका’ म्हणतील तेव्हा

आरोपी नात्यातला असला की हे होणारच. ‘पोरीचं लग्न कसं होईल’, ‘त्याची बायको-मुलं उघड्यावर पडतील’, ‘तो पाया पडून माफी मागेल’. एक आई मला म्हणाली होती, “पोलिसांपेक्षा सासरच्यांची भीती जास्त वाटते हो.” अशा वेळी एकटं लढू नका. घरातलं एक तरी माणूस, भाऊ, नणंद, शेजारीण, आधीच बाजूला घेऊन आपल्याकडे वळवा. चर्चा मुलासमोर होऊ देऊ नका. आणि हे प्रकरण आपसात मिटवता येत नाही, हे कोणालातरी स्पष्ट बोलावंच लागतं. घरातल्यांना ते वकिलाच्या तोंडून अधिक पटतं, असा माझा अनुभव आहे.

मुलाचा दिवस मात्र जमेल तितका नेहमीसारखा ठेवा. तोच डबा, तोच खेळ, तीच झोपायची वेळ. सारखं कुरवाळत, डोळे पुसत राहिलात तर त्याला वाटतं आपण कायमचे बिघडलो. बालमानसतज्ज्ञाची मदत घ्या, पण ‘डॉक्टरकडे जायचं’ म्हणण्यापेक्षा ‘बोलायला ताईकडे जाऊ’ म्हणा. शाळेत सगळ्यांना सगळं सांगायची गरज नसते. व्हॅनमधल्या त्या मुलाच्या आईने वर्गशिक्षिकेला एवढंच सांगितलं होतं: त्याला एकट्याला कोणाबरोबर कुठे पाठवू नका, बाथरूमला जायचं म्हणाला की लगेच जाऊ द्या, आणि तो एखाद्या जागी बसायला नाही म्हणाला तर का म्हणून विचारत बसू नका, जागा बदलून द्या.